झारखंडमधल्या सिंहभूमचं तांबं इंग्रजांनी शोधलं, हे खरं आहे का?

शोधलं कसलं, जुन्या खड्ड्यांपाशी येऊन उभे राहिले एवढंच. भूशास्त्र शिकताना मी घाटशिला-मुसाबनी भागात हिंडलो आहे, म्हणून जरा हट्टाने लिहितोय.

ब्रिटिश अधिकारी कॅप्टन हॉटन यांनी 1854 मध्ये इथल्या खनिजांबद्दल लिहिलं. पण टेकड्यांच्या अंगावर बुजलेले खड्डे, चर आणि धातुमळीचे (धातू वितळवल्यावर उरणाऱ्या कचऱ्याचे) ढीग त्याआधीपासून होते. हे काम सराक या जुन्या जैन समाजाच्या लोकांचं, असं तिथली परंपरा सांगते. मळीचा खडा उचलून बघा: काळा, काचेसारखा आणि दिसतो त्यापेक्षा जड. फोडला तर आत एखादा हिरवा ठिपका सापडतो. वितळवताना निसटलेलं तांबं मळीत अडकतं आणि हवा-पाण्याने हिरवं पडतं.

जुन्या लोकांची खूणही हीच. खडकावर हिरवा डाग दिसला की त्याच्या मागोमाग खाली उतरायचं. वरच्या थरातलं मॅलाकाइट, म्हणजे तांब्याचं हिरवं खनिज, लोणारी कोळशाच्या छोट्या भट्टीतही वितळतं. खाली गंधकयुक्त खनिज लागतं, ते आधी भाजावं लागतं. त्यात खड्ड्याला पाणी लागलं की उपसणार कशाने? मग तो सोडून पुढचा खणायचा. शंभर किलोमीटरहून लांब पट्ट्यात ठिकठिकाणी उथळ खोदकामं दिसतात ती यामुळे.

कंपन्या आल्या त्याही याच खुणांवर विसंबून. पहिली 1857 मध्ये आली आणि दोनेक वर्षांत गुंडाळली. 1860 च्या दशकातली दुसरीही टिकली नाही. खडकातल्या खनिजाच्या शिरा अरुंद, कुठे फुगणाऱ्या तर कुठे गायब होणाऱ्या, आणि रेल्वेचा पत्ता नाही. पैसे लावणाऱ्यांनी हे आधी बघायला नको होतं का?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राखा इथे केप कॉपर कंपनी होती. खरा जम बसला तो इंडियन कॉपर कॉर्पोरेशनचा: मुसाबनीची खाण, मऊभांडारला 1930 मध्ये सुरू झालेला कारखाना. दळलेलं खनिज फेसावर तरंगवून वेगळं करायचं तंत्र तोवर हाताशी आलं होतं, त्यामुळे कमी प्रतीचं खनिजही परवडू लागलं. 1972 मध्ये हे सगळं हिंदुस्तान कॉपर या सरकारी कंपनीकडे गेलं.

जाता जाता, जादुगुडाचं युरेनियमही याच पट्ट्यातलं. ते मात्र जुन्या खाणकऱ्यांनी नव्हे, स्वतंत्र भारताच्या भूशास्त्रज्ञांनी शोधलं.