बर्फावरची स्कूटर : ॲक्टिव्हाची सवय ठाण्यातच ठेवून जा

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला की वागळे इस्टेटमधल्या माझ्या गॅरेजमध्ये गाडी सोडायला आलेली माणसं ऑइल-ब्रेकचं बोलता बोलता काश्मीरवर घसरतात. बरीच वर्षं हिवाळ्यात ग्रुप घेऊन काश्मीरमधल्या गुलमर्गला आणि मनालीजवळच्या सोलंगला जातोय, तिथल्या स्नोमोबिल म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाड्यांत हातही काळे करून झालेत, म्हणून हे प्रश्न माझ्याकडे येतात. यंदा आलेल्यांपैकी काही घेतो.

मी आणि मिस्टर दोघंही रोज घोडबंदर रोडवर स्कूटर चालवतो. गुलमर्गला स्नोमोबिल चालवायची आहे. दुचाकी येत असेल तर सहज जमते ना? (मानपाडा)

घोडबंदरचे खड्डे आणि कंटेनर यांच्यामधून रोज वाट काढणाऱ्याला बर्फाचं काय, असं वाटणारच. माझा अनुभव उलटा आहे. ज्याने कधी दुचाकीला हात लावला नाही, तो सांगितलेलं ऐकतो. आपले हात मात्र सवयीने चालतात आणि घोटाळा तिथेच होतो.

आधी यंत्र बघा. पुढे दोन स्की म्हणजे बर्फावर घसरणाऱ्या लांब पट्ट्या, मागे गाडी ढकलणारा एक रुंद रबरी पट्टा. हाताने बदलायचे गिअर नाहीत, तुमच्या स्कूटरसारखाच व्हेरिएटर (वेगाप्रमाणे आपोआप गिअर बदलणारी कप्पी) आणि बेल्ट. साम्य एवढंच. ॲक्सिलरेटर मूठ फिरवून द्यायचा नसतो, उजव्या मुठीपाशी अंगठ्याने दाबायची एक पट्टी असते. आता घाबरल्यावर माणूस काय करतो? हँडल गच्च आवळतो. हँडल आवळलं की अंगठाही आवळला जातो आणि गाडी आणखी सुटते. मी पहिल्यांदा बसलो तेव्हा हेच झालं. ब्रेकसाठी उजवा पाय खाली खाली दाबत होतो, तिथे नुसती पायफळी! शेवटी एका बर्फाच्या ढिगाने मला थांबवलं. ब्रेक एकच असतो, डाव्या हाताला. पण त्याच्याही आधी अंगठा उचलायचा. सपाटीवर अंगठा सुटला की पट्टाच गाडीला मागे धरतो. हॉटेलच्या खोलीत रिकाम्या हाताने दहा वेळा सराव करा : भीती वाटली, अंगठा वर. हसू येईल, येऊ दे.

दुसरी सवय पायाची. सिग्नलला आपण पाय टेकतो. इथे गाडी आडवी पडणार नसते, तरी पाय आपोआप बाहेर जातो, भुसभुशीत बर्फात रुततो, गाडी पुढे सरकते आणि गुडघा पिळवटतो. पाय फळीवरच राहू द्या. वळताना वेग आधी कमी करा आणि अंग वळणाच्या आतल्या बाजूला झुकवा. ताज्या बर्फात नुसतं हँडल फिरवलं तर गाडी सरळच जाते.

आणखी एक. हँडलपाशी एका स्विचला गुंडाळी दोरी असते. तिचं दुसरं टोक जॅकेटला अडकवायचं, म्हणजे तुम्ही पडलात तर दोरी सुटून इंजिन बंद होतं. भाड्याच्या गाड्यांवर ही दोरी बऱ्याचदा हँडललाच बांधून ठेवलेली दिसते. ती सोडून मागा. नसेल तर दुसरी गाडी घ्या, घासाघीस पैशांची करा, या दोरीची नको.

मुलांच्या नाताळच्या सुट्टीत जायचं ठरतंय. तेव्हा बर्फ मिळेल का? (वाशी)

मिळाला तर मिळाला. काश्मीरचा कडक थंडीचा काळ, तिथल्या भाषेत चिल्लई कलान, सुरूच होतो २१ डिसेंबरला आणि चाळीस दिवस चालतो. बर्फाची जाड गादी साधारण त्याच्या उत्तरार्धात बसते. अलीकडे तीही भरवशाची राहिलेली नाही. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग जवळजवळ महिनाभर कोरडं होतं आणि २०२५ मध्ये बर्फाअभावी खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा फेब्रुवारीतून मार्चवर गेला. कमी बर्फात गाडी नेली की स्की दगडाला लागते, पट्टाही नीट गार राहत नाही. मला विचाराल तर जानेवारीअखेर ते फेब्रुवारीअखेर. शाळा चार दिवस बुडते खरी. वर्गशिक्षिकेला आधी भेटून ठेवा. विमानाची तिकिटं काढताना मध्ये एक मोकळा दिवस ठेवा, कारण जोराचा बर्फ पडला की गुलमर्गच्या वाटेवरच्या तंगमर्ग गावाच्या वर चाकांना चेन लावलेल्या गाड्यासुद्धा अडकून पडतात.

मुलगी दहा वर्षांची, मुलगा सहाचा. दोघांनाही बसवता येईल? चालक म्हणतो, धाकट्याला पुढ्यात घ्या. (नौपाडा)

आपण स्कूटरवर मुलाला पुढे उभं करतो, तोच हिशोब इथे लावला जातो. पुढ्यातल्या मुलाची छाती आणि तोंड थेट हँडलसमोर येतं, मोठा धक्का बसला की मागच्या मोठ्या माणसाचं सगळं वजन त्याच्यावर. मागे बसणाऱ्याचे पाय पायफळीवर पूर्ण टेकले पाहिजेत आणि हातात धरायची कडी आली पाहिजे, हा साधा नियम. गाडी बंद असताना लेकीला बसवून बघा. टेकत असतील तर ती तुमच्या मागे, सावकाश फेरी, तिसरं कोणी नाही. सहा वर्षांच्याला मी बसवणार नाही. तो रुसेल. त्याला प्लास्टिकची घसरगाडी आणि उताराचा वीस फूट तुकडा द्या, अर्ध्या तासाने ताईची फेरी त्याच्या लक्षातही नसेल.

हेल्मेट घरून न्या. तिथे मिळतं ते मोठ्यांच्या मापाचं असतं आणि आतून ओलं असतं. आयएसआय मार्कचं घरचं हेल्मेट बर्फावरही चालतं, फक्त काचेवर श्वासाची वाफ धरते, तेव्हा काच बोटभर उघडी ठेवा.

कपडे राम मारुती रोडवरून घेऊ की तिथे भाड्याने? (खारघर)

वरचा जाड कोट आणि गमबूट तिथे, आतलं सगळं इथून. कॉटनची बनियन, कॉटनचे मोजे, जीन्स यातलं काही अंगाला लागता कामा नये, घामाने ओलं झालं की दिवसभर ओलंच. अंगालगत थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर वारा अडवणारं काहीतरी. उणे ५ अंशांत ताशी ४० च्या वेगाने गेलात तर उघड्या गालाला ते उणे १४ सारखं लागतं. ओढणी, लोंबता मफलर, मोकळी वेणी सगळं जॅकेटच्या आत. मोजे दोन जोड घाला, तीन नको, बूट आवळला की पाय आणखी गार पडतात. गॉगल हवाच, ढगाळ दिवशीसुद्धा. ताजा बर्फ अतिनील किरणांचा मोठा हिस्सा उलट डोळ्यांवर फेकतो आणि रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं.

आई सत्तर वर्षांची, मणक्यांची झीज आहे. तिची फार इच्छा आहे. (कळवा)

नको. बर्फाखालच्या खळग्यात गाडी आपटली की तो दणका सरळ कमरेत जातो, तरुणांचेही मणके त्यात दुखावतात. त्यांना गोंडोलाने, म्हणजे गुलमर्गच्या रोपवेने, पहिल्या टप्प्यापर्यंत, कोंगडोरीला न्या. तेही डॉक्टरांना विचारून, कारण गुलमर्गच २,६५० मीटरवर आहे आणि आपण राहतो समुद्राच्या पातळीवर. पहिला दिवस सगळ्यांनीच हॉटेलात लोळून काढा. त्या उंचीवर साध्या इंजिनाची ताकदसुद्धा जवळपास पाव हिश्श्याने उतरते, आपली का नाही उतरणार?

महिनाभर आधी काही व्यायाम? (पाचपाखाडी)

लोकलच्या गर्दीत काही न धरता उभे राहता ना? गुडघे सैल, वजन दोन्ही पायांवर, डबा हलला तरी डोकं स्थिर. नेमकं तेच. खळगा दिसला की सीटवरून किंचित उठून असंच उभं राहायचं असतं. त्यासाठी मांड्यांत दम हवा, तेव्हा लिफ्ट सोडा आणि रविवारी येऊर चढा.

मुलगा मिनेसोटात असतो. त्याने जुनी स्नोमोबिल घेतलीय, आम्ही जानेवारीत नातवंडांकडे चाललोय. सीझनआधी त्याने काय बघावं? घरामागे गोठलेला तलाव आहे. (ऐरोली)

तुमच्या प्रश्नाने मजा आणली. स्नोमोबिल बनवणारी पोलारिस कंपनी त्याच राज्यातल्या रोझो गावची, तिथे हे यंत्र म्हणजे आपल्याकडची स्कूटर.

जुनी गाडी आठ महिने शेडमध्ये उभी होती असं धरून चालू. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाकावं, स्पार्क प्लग नवे घालावेत. इंजिनाला हवा पुरवणारा एअरबॉक्स उघडून आत उंदराने घर केलंय का बघावं, हे हमखास सापडतं. व्हेरिएटरचा बेल्ट हातात घेऊन वाकवावा, कडेला भेगा किंवा सुटलेले धागे दिसले तर फेकावा आणि एक नवा बेल्ट कायम गाडीत ठेवावा. पट्ट्याचा ताण मॅन्युअलप्रमाणे. स्कीखालच्या लोखंडी पट्ट्या झिजल्या असतील तर वळणं चुकतील. सस्पेन्शनला ग्रीस. मग गाडीचा मागचा भाग स्टँडवर उचलून पट्टा फिरवून बघावा, पण मागे कोणी उभं नको, नातवंडं तर अंगणातही नकोत. पट्ट्यातून सुटलेला खडा गोळीसारखा येतो.

तलावाचं मात्र काटेकोर. स्वच्छ, नव्या बर्फावर चालायला १० सेंटिमीटर जाडी लागते, स्नोमोबिलला १३ ते १८. पांढरट, दुधी बर्फ असेल तर दुप्पट धरा, त्याची ताकद निम्मीच असते. आणि जाडी एका जागी मोजून भागत नाही. ओढा मिळतो तिथे, पुलाखाली, लव्हाळ्यांच्या कडेला बर्फ पातळ असतो. दर थोड्या अंतरावर भोक पाडून मोजत जायचं. मुलगा १९७६ नंतरचा असेल तर तिथल्या नियमाप्रमाणे त्याला सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही लागतं, ते घेतलंय का ते फोनवर विचारा. बापाने विचारलेलं आवडत नाही, तरी.

गाडी खरंच आपण चालवतो की चालकच? फेरीचे पैसे कसे ठरवायचे? (कोपरी)

बहुतेक वेळा चालक तुमच्याबरोबर असतो आणि पहिल्यांदा ते बरंच आहे. बोलणी करताना चार गोष्टी आधीच बोलून घ्या : भाडं माणशी की गाडीमागे, फेरी कुठून कुठवर, हँडल किती वेळ तुमच्या हातात, आणि हेल्मेट मिळणार की नाही. ही बोलणी सकाळीच उरका. दुपारी बर्फ मऊ होतो, रांग लांबते, आणि तोवर फोटो काढून काढून फोनची बॅटरीही मान टाकते. फोन आतल्या खिशात ठेवा, छातीच्या उबेने टिकतो.