हिंजवडीत एक नोकरी, कर्वे रस्त्यावर दुसरी: मग घर कुठे?

स. न. वि. वि.

आपल्या सविस्तर पत्राबद्दल आभार. इतर वाचकांसाठी त्याचा गोषवारा देतो. आपण एप्रिलअखेर कोल्हापूर सोडून हिंजवडीच्या दुसऱ्या टप्प्यातील कंपनीत रुजू होत आहात, हातात १,४५,००० रुपये पडतील आणि सहा महिने परिवीक्षाकाल आहे. आपल्या पत्नींना कर्वे रस्त्यावरील कनिष्ठ महाविद्यालयात विनाअनुदानित तुकडीवर ३२,००० रुपयांची नोकरी मिळाली असून त्यांचा पहिला तास सकाळी सव्वासातला असतो. मुलगी सहावीत जाईल, मुलगा पहिलीत. मुदतठेवी आणि म्युच्युअल फंड मिळून २६ लाख रुपये आहेत. कोल्हापुरातील घर आपल्या नावे असून त्यावर कर्ज नाही, मात्र आई-वडील तिथे राहतात. आपल्यासमोर तीन पर्याय आहेत: वाकडमधील ९२ लाखांचा रीसेल फ्लॅट, माण येथील बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पातील ७४ लाखांचा फ्लॅट आणि कोथरूडमध्ये ३६,००० रुपये भाड्याचे घर. वाकडच्या मालकांना महिनाअखेरपर्यंत दोन लाख रुपये इसार हवा आहे.

माझे मत आधीच सांगतो: कोथरूडचे घर भाड्याने घ्यावे, इसार देऊ नये आणि खरेदीचा विचार दोन शालेय वर्षांनंतर करावा. ‘भाड्यात घातलेले पैसे वाया जातात, हप्त्यातून निदान घर तरी उभे राहते’ असे आपले सासरे म्हणतात, असे आपण लिहिले आहे. हे मत सार्वत्रिक आहे आणि दीर्घ मुदतीत ते पुष्कळदा खरेही ठरते. आपल्या बाबतीत पहिल्या तीन वर्षांचे गणित मात्र त्याला साथ देत नाही.

वाकडच्या ९२ लाखांच्या फ्लॅटसाठी ७० लाखांचे कर्ज वीस वर्षांसाठी साडेआठ टक्के दराने घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ६०,७५० रुपये येतो. पहिल्या वर्षी आपण एकूण सुमारे ७ लाख २९ हजार रुपये भराल आणि त्यातील जवळपास ५ लाख ९० हजार व्याजापोटी जातील. म्हणजे ‘उभे राहणारे घर’ वर्षाकाठी १ लाख ३९ हजारांचे. उरलेले २२ लाख, सात टक्के दराने ६ लाख ४४ हजार मुद्रांक शुल्क, ३० हजार नोंदणी शुल्क आणि दलालीचा एक टक्का मिळून आपल्या खिशातून साडेएकोणतीस लाखांहून अधिक रक्कम जाईल. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी यांसाठी बँक एरवी कर्ज देत नाही, हे बऱ्याच जणांना करार तयार होत असताना कळते. घर केवळ पत्नींच्या नावे घेतल्यास शुल्कात एक टक्का सवलत आहे, पण तेवढ्याने चित्र बदलत नाही. आपली २६ लाखांची शिल्लक शून्यावर येते, तरी काही लाख कमीच पडतात आणि फर्निचर अजून बाकीच असते. परिवीक्षाकालात असलेल्या माणसाने हातातली सगळी गंगाजळी विटांमध्ये घालावी, हे मला पटत नाही.

तशाच फ्लॅटचे वाकडमधील भाडे आपणच ३०,००० रुपये सांगितले आहे, म्हणजे वर्षाला ३ लाख ६० हजार. दुसऱ्या बाजूला व्याज ५ लाख ९० हजार, गुंतलेल्या साडेएकोणतीस लाखांवर सात टक्क्यांनी बुडणारे व्याज सुमारे २ लाख ८ हजार आणि सोसायटीचा मेंटेनन्स ४२ हजार धरला, तर मालकीचा पहिल्या वर्षाचा भार ८ लाख ४० हजारांवर जातो. हा फरक भरून निघण्यासाठी फ्लॅटची किंमत दरवर्षी किमान पाच टक्क्यांनी वाढली पाहिजे, आणि तीन वर्षांत विकण्याची वेळ आली तर शुल्क-दलालीचे साडेसात लाखांहून अधिक रुपये वसूल करण्यासाठी आठ टक्क्यांच्या आसपास. दहा वर्षे तिथेच राहणार असाल, तर हीच अट सहा टक्क्यांपर्यंत खाली येते. घराची खरेदी फायद्याची आहे की नाही हे किमतीइतकेच मुक्कामावर अवलंबून असते, आणि आपला मुक्काम किती हे आपल्याला आज ठाऊक नाही. कराची सवलतही येथे फारशी उपयोगी नाही, कारण नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जव्याजाची वजावट मिळत नाही आणि जुन्या प्रणालीत ती वर्षाला दोन लाखांपर्यंतच आहे.

माणच्या प्रकल्पाबद्दल थोडक्यात लिहितो. बांधकाम सुरू असलेल्या घरावर पाच टक्के जीएसटी, म्हणजे ३ लाख ७० हजार रुपये, वेगळे द्यावे लागतील आणि ताबा मिळेपर्यंत भाडे व कर्जाचे व्याज हे दोन्ही एकाच पगारातून निघेल. तरीही मोह होत असेल, तर महारेराच्या (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंद उघडून मूळ ताब्याची तारीख, आजवर घेतलेल्या मुदतवाढी आणि दाखल खटले पाहावेत. नोंदणीकृत करार होण्यापूर्वी विकासकाला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम मागता येत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

आता वाकड की कोथरूड, या प्रश्नाकडे येतो. आपण कार्यालयापासूनचे अंतर फक्त स्वतःचे मोजले आहे. आपल्याला आठवड्यातून तीनच दिवस कार्यालयात जायचे आहे आणि कंपनीची बस चांदणी चौकातून सुटते. पत्नींना सहाही दिवस जावे लागेल आणि त्यांच्या वेळेत पाच मिनिटांचीही सवलत नाही. कोथरूडहून आपला दिवसाचा प्रवास तीन तासांचा धरला, तरी आठवड्याचे नऊ तास होतात, तेही बसमध्ये बसून. वाकडहून त्यांचे रोजचे दोन तास धरले तर बारा, आणि तेही स्वतः गाडी चालवत. दुचाकीने गेल्यास पेट्रोल महिन्याला दोन हजारांत भागेल, हे खरे आहे. परंतु जुलैच्या पावसात पहाटे सहा वाजता भूमकर चौकातून महामार्गालगत दुचाकी काढणे हा खर्च पेट्रोलच्या पावतीवर दिसत नाही. कॅबचे एका फेरीचे साडेतीनशे रुपये धरले, तर चोवीस दिवसांचे १६,८०० होतात, म्हणजे त्यांच्या पगाराचा अर्ध्याहून अधिक भाग. मग वर्षभरात ‘नोकरी सोडलेलीच बरी’ असा निर्णय घरात कोणी न घेता आपोआप होतो. अशी उदाहरणे माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या कुटुंबांत मी पुष्कळ पाहिली आहेत. कोथरूडहून मात्र वनाझ–रामवाडी मार्गिकेवरील आनंदनगर स्थानकावर मेट्रोत बसून त्यांना नळस्टॉप किंवा गरवारे महाविद्यालयाजवळ उतरता येईल.

शाळेचा खर्च तर भाड्याच्या फरकापेक्षा मोठा आहे. वाकडमध्ये आपण पाहिलेल्या शाळेची फी आणि बस मिळून एका मुलामागे १ लाख १० हजार, म्हणजे दोघांची वर्षाला २ लाख २० हजार होते. मुलगी आज सेमी-इंग्रजीत शिकते. कोथरूड आणि पेठांच्या परिसरात सेमी-इंग्रजीचे वर्ग असलेल्या अनुदानित मराठी शाळा आहेत आणि त्यांची फी या रकमेच्या जवळपासही जात नाही. कोथरूडचे भाडे वाकडपेक्षा महिन्याला सहा हजारांनी, वर्षाला ७२ हजारांनी जास्त आहे. शाळेतल्या बचतीतून ते भरून निघून बरेच उरेल. सहावीत जागा आहे का, हे मात्र भाडेकराराआधी मुख्याध्यापकांना प्रत्यक्ष भेटून विचारावे; घर आधी ठरवून मग शाळा शोधणारे पालक शेवटी लांबच्या शाळेची बस लावतात.

कोथरूडच्या घराबाबत दोन खबरदाऱ्या घ्याव्यात. या भागातील जुन्या सोसायट्यांचे पुनर्विकास जोरात सुरू आहेत. आपण पाहिलेली इमारत जुनी आहे, त्यामुळे पुनर्विकासाचा ठराव झाला आहे का, विकासक नेमला आहे का, हे सोसायटीच्या सचिवांना स्पष्ट विचारावे. विकासक पर्यायी जागेचे भाडे देतो ते सभासदाला. लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे भाडेकरारावर, राहणाऱ्याने सामान उचलून निघायचे असते. लिफ्टचे आपण लिहिलेच नाही. वडिलांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली असेल आणि ते दिवाळीत महिनाभर येणार असतील, तर तिसऱ्या मजल्यावरचे विनालिफ्ट घर स्वस्त असले तरी घेऊ नये.

दुसरी खबरदारी कराराच्या मुदतीची. दलाल अकरा महिन्यांचा छापील मसुदा पुढे करील. पंधरा मेपासून अकरा महिने मोजले, तर करार चौदा एप्रिलला, म्हणजे ऐन वार्षिक परीक्षेत संपतो आणि मालकाला भाडे वाढवून मागायला याहून चांगली वेळ नसते. चोवीस महिन्यांचा करार मागावा, दुसऱ्या वर्षाची भाडेवाढ त्यातच टक्क्यांत लिहून घ्यावी आणि आपल्यावरचा लॉक-इन (ज्या मुदतीआधी घर सोडता येत नाही ती) सहा महिन्यांपेक्षा जास्त नसावा, म्हणजे परिवीक्षाकालात काही बिनसले तर आपण मोकळे असाल. महाराष्ट्रात हा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे कायद्यानेच बंधनकारक आहे.

कोल्हापूरचे घर विकू नये. करासाठी घाई करण्याचे तर मुळीच कारण नाही, कारण नवे घर आधी घेऊन जुने घर त्यानंतर वर्षभरात विकले, तरी भांडवली नफ्यावरची सवलत मिळू शकते. आई-वडील पुण्यात रमतात का, हे दोन वर्षांत कळेल. तोवर त्यांचे छत आपल्या गृहकर्जाच्या गणितात धरू नये.

माझ्या सल्ल्याला एक अट आहे आणि ती पाळली गेली नाही तर सासऱ्यांचे म्हणणे खरे ठरेल. वाचलेला हप्ता खरोखर बाजूला पडला पाहिजे. ६०,७५० आणि ३६,००० यांतला फरक सुमारे २५,००० रुपयांचा आहे. पगाराच्या दुसऱ्याच दिवशी तेवढ्याची आवर्ती ठेव सुरू करावी. दोन-तीन वर्षांत लागणारा पैसा असल्याने येथे शेअर बाजाराचा मार्ग नको. सात टक्के दराने चोवीस महिन्यांत सुमारे ६ लाख ४० हजार जमतील, म्हणजे वाकडच्या फ्लॅटचे आजचे मुद्रांक शुल्क जवळपास तेवढ्यातच निघेल. २६ लाखांपैकी सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी रक्कम मुदतठेवीत वेगळी ठेवावी आणि तिला खरेदीसाठीही हात लावू नये.

पत्नींनी महाविद्यालयाची नोकरी न घेण्याचे ठरवले, किंवा आपल्याला पाचही दिवस कार्यालयात बोलावले, तर उत्तर बदलेल. तेव्हा वाकड किंवा बालेवाडी योग्य, पण तेही भाड्यानेच. हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रोच्या जवळ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या जादा दराला भुलू नये. स्थानक ते दार हे अंतर स्वतः चालून पाहावे. आणि पुढेमागे वाकडमध्ये घर घ्यायला निघालात, तर सोसायटीची डिसेंबरची नव्हे, एप्रिल-मेची मेंटेनन्सची बिले मागावीत. उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरचा खर्च किती हे त्यांतच दिसते.

इसाराबाबत वाकडच्या मालकांना या आठवड्यातच नम्रपणे नकार कळवावा. ते किंमत दोन लाखांनी उतरवतील, अशी शक्यता आहे. वरच्या हिशेबात ९२ ऐवजी ९० घालून पाहावे, उत्तर तेच येईल.

आपला,
आर्थिक सल्लागार, पुणे