चार वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचा मुलगा: पहिल्याच थीम पार्क सहलीत जास्तीत जास्त राइड्स कशा कराव्यात?

तुमचा प्रश्न असा आहे की गेट उघडल्यापासून रात्रीच्या आतषबाजीपर्यंतचा दिवस कसा आखावा म्हणजे तिकिटाचे पैसे वसूल होतील, आणि रांग टाळण्याचा जादा पैशांचा पास घ्यावा का. पैसे वसूल म्हटलं की मला आमचे भावोजी आठवतात. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, आधीच सांगते.

आम्ही दोन कुटुंबं मिळून गेलो होतो. आमची लेक तेव्हा तुमच्या मुलीएवढीच, आणि जाऊबाईंचा धाकटा सहा वर्षांचा, अंगापिंडानं जरा लहान. भावोजींनी निघण्याआधी वेळापत्रक तयार करून सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवलं होतं. कोणती राइड कितीला, मध्ये चालायला किती मिनिटं, सगळं त्यात होतं. मुलांच्या शू-शीची मिनिटं मात्र नव्हती.

पहिला अडथळा आला उंचीच्या पट्टीपाशी. धाकटा दोन बोटं कमी पडत होता. भावोजींनी काय करावं? बाजूच्या बाकावर नेऊन त्याच्या बुटांत टिश्यू पेपरच्या घड्या कोंबल्या आणि परत रांगेत उभं केलं. राइडवरचा कर्मचारी हुशार होता. त्यानं धाकट्याला शांतपणे बूट काढायला लावले आणि सगळ्या रांगेसमोर त्या घड्या बाहेर आल्या. मग "घरी मोजली तेव्हा बरोबर भरली होती" वगैरे. पोरगं रडकुंडीला आलेलं, मागची रांग खोळंबलेली.

हे करू नका. ती पट्टी कुणाची अडवणूक करायला लावलेली नसते. सीटचा दांडा एका ठरावीक बांध्याच्या माणसाला धरून ठेवेल असा बनवलेला असतो. दोघांत एकच दांडा असला तर तो मोठ्या माणसाच्या मांडीवर टेकून थांबतो आणि शेजारच्या लहानग्याच्या पुढे मोकळी जागा उरते. त्या जागेतून मूल खाली सरकू शकतं. बरं, ही मर्यादा नावावरून ओळखता येत नाही. 'स्पेस माउंटन' या डिस्नेच्या राइडची मर्यादा कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये १०२ सेंटिमीटर आहे, फ्लोरिडात ११२ आणि पॅरिसमध्ये १२०. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात चार वर्षांच्या मुलीची मधली उंची १०३ च्या आसपास आहे. म्हणजे तुमची मुलगी काठावर असणार. घरी भिंतीला टेकवून, बुटांशिवाय मोजा आणि जिथे ती बसत नाही त्या राइडचं नावसुद्धा तिच्यासमोर काढू नका. आधी आठवडाभर व्हिडिओ दाखवायचे आणि तिथे जाऊन "तू छोटी आहेस" म्हणायचं, यासारखा छळ नाही.

दुसरा प्रसंग फोटोचा. मोठ्या डोक्याचा, भल्यामोठ्या हातांचा एक सोंगाडी समोर आला. आमची लेक माझ्या पायांना घट्ट चिकटली. भावोजी म्हणाले, "अगं, आत माणूसच आहे, जा पुढे," आणि तिला ढकललं. मग जो आकांत झाला तो मी विसरणार नाही, आणि तो फोटो त्यांनी अजून जपून ठेवलाय.

आत माणूस आहे हे चार वर्षांच्या मुलाला सांगून पटत नाही. रीटा डेव्रीज या मानसशास्त्रज्ञ बाईंचा १९६९ सालचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. मेनार्ड नावाचं शांत मांजर आधी मुलांना कुरवाळू दिलं आणि मग त्याच्या तोंडावर कुत्र्याचा मुखवटा चढवला. मागचं अंग आणि शेपूट मुलांना सगळा वेळ दिसत होतं. तरी तीन वर्षांच्या मुलांपैकी बऱ्याच जणांना तो आता खरोखरच कुत्रा झाला असं वाटलं. सहा वर्षांची मुलं मात्र फसली नाहीत. तेव्हा लांबून हात हलवू द्या, हवं तर तुम्ही आधी हात मिळवा, आणि मुलगी गेली नाही तर विषय सोडा. अंधाऱ्या राइडचंही हेच. ती हळू चालते म्हणून भीतीची नसते असं समजू नका. लहान मुलांना वेगापेक्षा अंधाराची आणि अचानक येणाऱ्या आवाजाची भीती जास्त वाटते.

आता मुख्य भांडण. दुपारी एकच्या सुमारास लेक चिडचिडी झाली, डोळे चोळायला लागली. मी म्हटलं, आम्ही खोलीवर जातो, झोपवून संध्याकाळी येतो. भावोजी सगळ्यांसमोर म्हणाले, "तिकीट काय झोपायला काढलंय?" नवरा गप्प. (नवरे अशा वेळी चपलेचा बेल्ट नीट करत असतात.) मी लेकीला उचललं आणि निघाले.

ती दोन तास गाढ झोपली. मीही झोपले, खोटं कशाला बोलू. ऊन उतरल्यावर परत गेलो तर भेटवस्तूंच्या दुकानाबाहेर जाऊबाईंचा धाकटा जमिनीवर आडवा पडलेला. एका फुग्यावरून सुरू झालेलं रडणं थांबत नव्हतं. जाऊबाईंचा चेहरा उतरलेला. भावोजी मोबाइलवर वेळापत्रक बघत सांगत होते की आपण फक्त पंचवीस मिनिटं मागे आहोत. ज्या मिरवणुकीसाठी एवढी धडपड चालली होती ती सुरू झाली तेव्हा धाकटा बाबागाडीत कोंबल्यासारखा झोपला होता आणि आमची लेक सगळ्यात पुढे उभी राहून नाचत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी निघाले तेव्हा जाऊबाईंनी काही न बोलता आपली पिशवी उचलली आणि धाकट्याला घेऊन माझ्याबरोबर आल्या. भावोजी एकटेच फिरले. आजही घरात लग्नकार्य असलं की ते चारचौघांत सांगतात, "हिनं अर्ध्या सहलीभर मुलीला झोपवून ठेवलं." म्हणून इथे लिहून ठेवते: तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून दहा ते तेरा तास झोप लागते, एक ते दोन वर्षांच्या बाळाला अकरा ते चौदा. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ साली दिलेले आकडे आहेत, मी घरी बसून काढलेले नाहीत. आतषबाजीपर्यंत मूल जागवायचं असेल तर दुपारची झोप हाच त्याचा खर्च आहे, आणि मुलगा दीड वर्षाचा असताना तर याला पर्यायच नाही.

राइड्सचं म्हणाल तर लोकप्रिय कोणती ते बघू नका, रांग किती भराभर सरकते ते बघा. डिस्नेलँडमध्ये 'पीटर पॅन्स फ्लाइट' ही १९५५ पासूनची साधी राइड आहे, उंचीची अट नाही, पण वरच्या रुळाला टांगलेल्या होड्यांत एका वेळी थोडेच लोक मावतात, म्हणून रांग कायम लांब. ती गेट उघडताच करायची. उलट 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड', १९६४ च्या न्यूयॉर्कमधल्या जागतिक प्रदर्शनासाठी बनवलेली, तिच्या मोठ्या होड्या एकामागून एक सुटत राहतात. ती भर दुपारी करा, बाळालाही मांडीवर घेऊन जाता येतं. दुसरं कुठलं पार्क असलं तरी हाच हिशेब.

जादा पैशांचा पास या वयात मला तरी उधळपट्टी वाटते, कारण तो बहुतेक मोठ्या राइड्सच्या रांगेसाठी असतो आणि त्यांतल्या बऱ्याच राइड्सवर तुमची मुलं बसू शकणार नाहीत. तुम्हा दोघांना बसायचं असेल तर बऱ्याच मोठ्या पार्कांत अदलाबदलीची सोय असते. एकानं राइड करायची, दुसऱ्यानं मुलं सांभाळायची, मग दुसऱ्यानं पुन्हा पूर्ण रांग न लावता जायचं. रांगेच्या तोंडाशी उभ्या कर्मचाऱ्याला विचारा. आपण होऊन कुणी सांगत नाही.

रोज सकाळी निघताना मुलांचा त्या दिवसाच्या कपड्यांत फोटो काढा. चुकलं तर "कोणत्या रंगाचा शर्ट" हे त्या क्षणी आठवत नाही. बाळाच्या गाडीवर उन्हासाठी चादर टाकून ती चारी बाजूंनी बंद करू नका, आत भट्टी होते. आतषबाजीला कान झाकायचे हेडफोन न्या.

आता राहिलेलं. दुपारी बाहेर जाऊन परत यायचा माझा सल्ला सगळीकडे चालेलच असं नाही. काही पार्कांत एकदा बाहेर पडलं की त्याच तिकिटावर परत घेत नाहीत, ते आधी विचारून घ्या. तसं असेल तर आत बाळांना पाजायला, बदलायला केलेली थंड खोली शोधून ठेवा, किंवा लांबलचक, अंधारं, एसी असलेलं नाट्यगृह. आणि काही मुलं चार वर्षांची होईपर्यंत दुपारची झोप सोडतात हेही खरं, तुमची मुलगी तशी असेल तर एक जण बाळाला घेऊन जा, दुसऱ्यानं तिच्याबरोबर थांबा. हॉटेल घेताना मात्र पार्कच्या गेटपासून चालत किती वेळ लागतो एवढंच बघा. आमच्या सहलीत हॉटेल मी निवडलं होतं, लांबचं स्वस्त हॉटेल भावोजींना हवं होतं.