येशूने सगळ्यांच्या पापांसाठी प्राण दिले, मग ख्रिस्ती माणूस काहीही करायला मोकळा का?

नाही, मुळीच नाही. "कृपा वाढावी म्हणून पाप करतच राहायचं का?" हा तुमचाच प्रश्न येशूचा प्रेषित पौल याने बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या ६व्या अध्यायात मांडला आणि ठाम नकार दिला. माणूस स्वतःच्या पुण्याईवर देवापर्यंत पोहोचू शकत नाही, म्हणून निष्पाप येशूने आपली शिक्षा स्वतःवर घेतली, असं आम्ही मानतो. नाशिकच्या शरणपूर भागातल्या आमच्या चर्चमध्ये गुड फ्रायडेला बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा, इतरांच्या पापांसाठी दुःख सोसणाऱ्या सेवकाबद्दलचा ५३वा अध्याय वाचतात, तो याच अर्थाने. ही क्षमा केवढ्या किमतीची आहे हे ज्याला उमगलं, त्याला पुन्हा त्याच वाटेने जाववत नाही. मात्र तारण, म्हणजे पापापासून सुटका, कसं मिळतं यावर पंथांत मतभेद आहेत: प्रोटेस्टंट केवळ विश्वासावर भर देतात, कॅथलिक बाप्तिस्मा आणि पापकबुलीसारखे संस्कारही आवश्यक मानतात.