रेडियम कटिंगमध्ये मराठी अक्षरं का तुटतात, आणि इंकस्केपचे अजून काही प्रश्न

यावेळी आलेले प्रश्न बहुतेक नव्याने इंकस्केप, म्हणजे लोगो आणि चित्रं काढायचं फुकट सॉफ्टवेअर, शिकणाऱ्यांचे आहेत. उत्तरांआधी एकच सवय लावून घ्या म्हणते, स्क्रीनवर कशावरही क्लिक केलं की अगदी खाली जी बारीक पट्टी असते ती वाचायची. आपण निवडलंय ते इमेज आहे, टेक्स्ट आहे, ग्रुप आहे की पाथ (रेघांनी बनलेला आकार), आणि पाथ असेल तर त्यात किती नोड (रेघेवरचे बिंदू) आहेत, सगळं तिथे लिहिलेलं असतं. खालच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्या पट्टीतच आहेत.

प्रश्न : क्लायंटने व्हॉट्सअपवर लोगो पाठवला. तो इंकस्केपमध्ये आणून एसव्हीजी म्हणून सेव्ह केला, तरी बॅनरच्या साइझला फाटतोय. व्हेक्टर फाटत नाही ना?

व्हेक्टर, म्हणजे पिक्सेलऐवजी रेघांनी बनलेलं चित्र, नाही फाटत, पण तुमच्याकडे व्हेक्टर आहेच कुठे? तुम्ही फोटो एसव्हीजीच्या आत ठेवलाय, फाइलचं नाव बदललं म्हणून आतले पिक्सेल बदलत नाहीत. लोगोवर क्लिक करा, खाली इमेज असं दिसेल. पाथ मेन्यूत फोटोवरून पाथ काढून देणारं ट्रेस बिटमॅप आहे, शिफ्ट आल्ट बी, एका रंगाच्या ठसठशीत चित्राला ते छान चालतं. ट्रेस झालेला पाथ मूळ फोटोच्या बरोब्बर वर बसतो त्यामुळे काही झालंच नाही असं वाटतं, तो बाजूला ओढा आणि खालचा फोटो डिलीट करा.

पण लोगोत अक्षरं असतील तर ट्रेसच्या नादी लागू नका, कोपरे गोल होतात आणि रेघा वितळल्यासारख्या दिसतात. फोटोची ओपॅसिटी कमी करून लेयर लॉक करा, वर दुसरा लेयर घेऊन आकार हाताने काढा आणि अक्षरं त्यातल्या त्यात जवळच्या फाँटमध्ये नव्याने टाइप करा. अर्धा तास जास्त जाईल, पण त्या माणसाचा लोगो पुढे पाटीवर, पावतीपुस्तकावर, गाडीवर सगळीकडे जाणार असतो, तेव्हा तो अर्धा तास द्यायलाच हवा.

प्रश्न : ताई, माझं रेडियम कटिंगचं छोटं दुकान आहे. गाडीच्या काचेसाठी ‘आई जगदंबा प्रसन्न’ टाइप केलं, स्क्रीनवर एकदम व्यवस्थित दिसतं, पण प्लॉटर प्रत्येक अक्षराच्या शिरोरेषेवर उभी चीर मारतो आणि चिकटवताना तुकडे सुटे होतात. मशीन खराब आहे का?

मशीन ठीक आहे. हा प्रश्न इंग्रजी ट्युटोरियलमध्ये सहसा सापडत नाही कारण छापील रोमन अक्षरं बहुधा सुटी असतात, आपली शिरोरेषेने जोडलेली. फाँटमध्ये मात्र ती शिरोरेषा सलग नसते, प्रत्येक अक्षर आपापला तुकडा घेऊन येतं, आणि मधे फट दिसू नये म्हणून फाँट बनवणारे ते तुकडे किंचित एकमेकांवर चढवतात. काना, मात्रा, वेलांटीचंही तसंच. आत एकच रंग भरलेला असतो म्हणून डोळ्याला जोड दिसत नाही, पण प्लॉटरच्या ब्लेडला रंगाशी काही देणंघेणं नाही, ते फक्त कडेवरून फिरतं आणि चढलेल्या भागातली कडही कापतं.

तर असं करा. आधी मजकूर ग्राहकाकडून तपासून घ्या कारण यानंतर ऱ्हस्व-दीर्घ सुधारता येणार नाही. कंट्रोल डी ने टेक्स्टची एक कॉपी करून पानाबाहेर ठेवा. मग टेक्स्ट निवडून शिफ्ट कंट्रोल सी, म्हणजे ऑब्जेक्ट टू पाथ, आता खालच्या पट्टीत ग्रुप दिसेल. शिफ्ट कंट्रोल जी करून ग्रुप सोडवा, आणि सगळी अक्षरं निवडलेली असतानाच पाथ मेन्यूतून युनियन. झालं, सगळ्यांचा मिळून एकच पाथ होतो आणि शिरोरेषा खरोखरची सलग होते. शब्द वेगवेगळ्या रंगाच्या रेडियममध्ये कापायचे असतील तर युनियन एकेका शब्दाचं करा. कापायला पाठवण्याआधी व्ह्यू मेन्यूतल्या डिस्प्ले मोडमध्ये जाऊन आउटलाइन लावून बघा, ब्लेड जिथून जाणार तेवढ्याच रेघा दिसतात, एखादी आडवीतिडवी रेघ राहिली असेल तर लगेच सापडते. अक्षरांना किनार द्यायची असली तरी हेच, आधी युनियन मग स्ट्रोक, नाहीतर प्रत्येक जोडावर किनार उमटते.

फक्त ग्रुप सोडवायच्या जागी चुकून ब्रेक अपार्ट करू नका. त्याने ‘ब’, ‘प’, ‘स’ यांच्या पोटातली भोकं वेगळे आकार बनून भरून येतात. झालंच तर कंट्रोल झेड, किंवा अक्षर आणि त्याची भोकं एकत्र निवडून कंट्रोल के, म्हणजे कंबाइन.

प्रश्न : घरी मराठी मजकूर बरोबर दिसतो, प्रेसमध्ये फाइल उघडली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी होते. का?

तुमचा फाँट श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या पद्धतीचा असणार. त्यात संगणकाच्या लेखी मजकूर इंग्रजी अक्षरांचाच असतो, फक्त त्यांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. फाँट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. नवीन काम युनिकोडमध्येच करा, त्यात मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवलं जातं. मुक्ता, बालू, नोटो सान्स देवनागरी हे सगळे चांगले आणि फुकट आहेत, त्यातला मुक्ता तर मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा. युनिकोड असला तरी प्रेसकडे तो फाँट नसेल तर दुसराच लागतो आणि ओळी हलतात, म्हणून प्रेसला द्यायच्या कॉपीत टेक्स्टचे पाथ करा. स्वतःजवळची मूळ फाइल मात्र टेक्स्टसकट जपून ठेवा, तारीख बदलली असा फोन येतोच.

इलस्ट्रेटरमध्ये वेलांटी भलतीकडे जात असेल किंवा जोडाक्षर फुटत असेल तर ते वेगळं दुखणं. प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली इंडिक ऑप्शन्स चालू करा आणि पॅरेग्राफ पॅनेलच्या मेन्यूतून साउथ एशियन कंपोझर निवडा.

प्रश्न : लोगो व्हिजिटिंग कार्डसाठी लहान केला तर रेघा होत्या तेवढ्याच जाड राहिल्या, चित्राचा नुसता गोळा झाला.

सिलेक्शन टूल घेतलं की वरच्या पट्टीत उजवीकडे काही छोटी बटणं येतात, त्यातलं एक स्ट्रोकची जाडी चित्राबरोबर बदलण्यासाठी आहे, ते बंद आहे तुमचं. ते चालू करा. पण दुसऱ्याच्या हातात फाइल जाणार असेल तर त्याचं बटण कसं आहे कोण बघतं, त्यापेक्षा लोगो फायनल झाला की कंट्रोल आल्ट सी ने स्ट्रोकचेच पाथ करून द्या.

प्रश्न : पेनने काढलेल्या आकारात बकेटने रंग भरत नाही.

बकेट वापरूच नका. ते स्क्रीनवर जे दिसतं त्यावरून एक नवा आकार बनवतं, म्हणून झूम बदलला की कडेला फट राहते. आकार निवडून खालच्या पॅलेटमधल्या रंगावर क्लिक करा, शिफ्ट धरून क्लिक केलं तर तोच रंग कडेला लागतो. रंग तिरका कापल्यासारखा भरला तर आकार उघडा आहे, नोड टूलने दोन्ही टोकं निवडून शिफ्ट जे दाबा.

प्रश्न : माझी वळणं गुळगुळीत येत नाहीत, कुबड येतं.

नोड जास्त झालेत. खालच्या पट्टीत आकडा बघा, वर्तुळाला चार नोड पुरतात, मग एका पानाच्या आकाराला चाळीस कशाला? नोड तिथे ठेवायचा जिथे वळण सगळ्यात वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे पोचतं, आणि जिथे टोक आहे तिथे. मधले निवडून डिलीट करा, इंकस्केप शक्यतो आकार सांभाळून घेतं. कंट्रोल एल ने सिम्प्लिफायही होतं पण ते सरसकट सगळीकडे हात फिरवतं, टोकदार जागा बोथट करतं. नको असलेले नोड हाताने डिलीट केलेलेच बरे.

प्रश्न : स्क्रीनवरचा झकास निळा छापून जांभळट आला आणि पोपटी मेलेला. प्रेसवाले म्हणतात फाइल आरजीबी आहे, पण मी तर सीएमवायकेचे आकडे टाकले होते.

प्रेसवाले बरोबर सांगतायत. इंकस्केपच्या रंगांच्या पॅनेलमध्ये सीएमवायकेचे आकडे टाकता येतात पण एसव्हीजी फाइलमध्ये रंग शेवटी आरजीबीच साठवला जातो. स्क्रीन लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाने रंग दाखवते (आरजीबी), छपाई सायन, मॅजेंटा, यलो आणि काळा अशा चार शाईंनी (सीएमवायके), आणि तो भडक निळा किंवा पोपटी चार शाईंत बसतच नाही. काम ऑफसेटला जाणार असेल तर एसव्हीजी स्क्रायबस या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्या, तेही फुकट आहे, तिथे रंग सीएमवायकेमध्ये ठरवा आणि पीडीएफ काढा. भगव्याच्या जवळपास जायला मॅजेंटा ६०, यलो १०० पासून सुरुवात करा. निळ्यात मॅजेंटा सायनच्या बराच खाली ठेवा, दोन्ही बरोबरीला आले की जांभळा होणारच. आणि बारीक काळा मजकूर फक्त काळ्या शाईचा, म्हणजे के १०० आणि बाकी तिन्ही शून्य आहेत ना हे पीडीएफ काढण्याआधी तपासा, चारही शाया आल्या आणि छपाईत केसभर सरकल्या की पत्रिकेवरचे पत्ते वाचता येत नाहीत.