पॅकमॅनच्या कॉन्फिगमधे पायथनमधून रेपो टाकताना कॉमेंट आणि सर्व्हर का उडतात?

म्हणजे तुम्हाला पॅकमॅनच्या (आर्च लिनक्सचा पॅकेज मॅनेजर) कॉन्फिग फाइलमधे स्क्रिप्टमधून एक नवीन रेपो (पॅकेजचा साठा) टाकायचाय, पायथनच्या कॉन्फिगपार्सर या लायब्ररीने आधी एरर दिला, स्ट्रिक्ट (तेच नाव दोनदा आलं की एरर देणारं सेटिंग) बंद केल्यावर चाललं पण कॉमेंट आणि बरेचसे सर्व्हर गायब, आता दुसरी कुठली लायब्ररी घेऊ, असं ना?

बग नाहीये तो, ही फाइल आयएनआयसारखी (सेक्शन आणि त्याखाली नाव = व्हॅल्यू अशा ओळी) दिसते एवढंच. एका रेपोखाली पाच सर्व्हर ओळी असल्या तरी पॅकमॅनला चालतात, कॉन्फिगपार्सर मात्र एका सेक्शनमधे एक नाव एकदाच धरतो, म्हणून स्ट्रिक्टमधे ओरडतो आणि स्ट्रिक्ट काढलं की शेवटची ओळ ठेवून बाकीच्या गुपचूप टाकून देतो (त्यापेक्षा ओरडणारा परवडला). कलर, चेकस्पेस या पॅकमॅनच्या पर्यायांना तर व्हॅल्यूच नसते, आणि नावं तो स्मॉल लेटरमधे करून टाकतो जी पॅकमॅन ओळखत नाही. या दोन्हीला सेटिंग आहे, पण कॉमेंट वाचतानाच फेकल्या जातात, त्याला सरळ इलाज नाही. आणि इथे कॉमेंट म्हणजे नुसती टीप नव्हे, मल्टिलिब (३२-बिट पॅकेजचा) रेपो ओळीआधी हॅश (#) लावूनच बंद ठेवलेला असतो, ती ओळ गेली की पुढे चालू काय करणार?

ऑगिअस नावाची लायब्ररी आहे, ती लिहिताना कॉमेंट आणि मोकळ्या ओळी जपते, पण एका रेपोसाठी मला ते जड वाटतं. मी वाचायला पॅकमॅन-कॉन्फ ही कमांड वापरतो, ती इन्क्लूड (दुसरी फाइल आत घेणाऱ्या ओळी) वगैरे सगळं सोडवून अंतिम व्हॅल्यू देते. फक्त तिचं आउटपुट परत फाइलमधे लिहू नका, सगळे मिरर (सर्व्हरचे पत्ते) आत येऊन बसतील. लिहायला माझी वेगळी छोटी फाइल, आणि मूळ फाइलमधे हाताने एकदाच एक इन्क्लूड ओळ. ती कोअर या मुख्य रेपोच्या आधी की सगळ्यात शेवटी हे नीट ठरवा, कारण एकच पॅकेज दोन रेपोत असेल तर वरचा रेपो जिंकतो.

टेम्प फाइल करून रिनेम करणार असाल तर परमिशन पण बघा. पायथनच्या टेम्पफाइलने बनवलेली फाइल 0600 (फक्त मालकाला वाचता येणारी) असते, मी तशीच रिनेम केली, रूटने सगळं व्यवस्थित चालत होतं आणि साध्या युजरने नुसतं सर्च केलं तरी परमिशन डिनाइड, आणि मी आपला मिरर बदलत बसलो होतो. रिनेमच्या आधी 0644 (सगळ्यांना वाचता येणारी) करून टाका.