गटात रोझरी म्हणताना ती घाईघाईने उरकल्यासारखी का वाटते?

तुमचा प्रश्न असा: एकट्याने रोझरी (मरियेची जपमाळ) म्हणताना मन लागतं, पण प्रार्थनागटात बसलं की नुसती मणी ओढण्याची शर्यत होते, मग गटात म्हणायचीच कशाला? आमच्या गटात पुढे म्हणायचं काम बऱ्याचदा माझ्याकडे असतं, म्हणून सांगते. दोष बहुधा कुणाच्या भक्तीत नसतो. तो एका ठरावीक जागी असतो आणि कान दिला तर लगेच सापडतो.

मण्यागणिक म्हणायच्या ‘नमो मरिया’ या प्रार्थनेचे दोन भाग आहेत. पहिला पुढे म्हणणारा म्हणतो. त्यात देवदूताने आणि नातलग अलिशिबेने मरियेला केलेलं अभिवादन आहे आणि तो ‘येशू’ या नावावर संपतो. ‘हे पवित्र मरिये’पासूनचा दुसरा भाग बाकीच्यांचा. घाईतल्या गटात काय होतं? ‘उदराचे फळ’ एवढं कानावर पडलं की उत्तर देणारे सुरू होतात. तिकडे त्यांचं ‘आमेन’ तोंडात असतानाच पुढे म्हणणारा पुढच्या मण्यावर पोचलेला असतो. म्हणजे एका दशकात (दहा मण्यांच्या एका टप्प्यात) दहा वेळा गिळलं जातं ते नेमकं येशूचं नाव! पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली रोझरीविषयी एक पत्र लिहिलं. त्यात त्यांनी याच नावाला या प्रार्थनेचा गुरुत्वमध्य म्हटलं आहे, दोन्ही भागांना जोडणारी बिजागरी म्हटलं आहे आणि घाईत नेमकं तेच दुर्लक्षित राहतं हेही सांगितलं आहे. रहस्यं म्हणजे दर दशकाला चिंतनासाठी घ्यायचे येशू-मरियेच्या जीवनातले प्रसंग; त्यांतली प्रकाशाची पाच रहस्यंही याच पत्राने आली. काही देशांत या नावाला त्या त्या रहस्याचं छोटं वाक्य जोडण्याची रीत आहे, तिचीही ते स्तुती करतात. जर्मन भाषेत ती रूढ आहे: दुःखाच्या पहिल्या रहस्यात ‘येशू, ज्याने आमच्यासाठी रक्ताचा घाम गाळला’ असं म्हणतात. एखाद्या दशकाला हे करून बघा. वाक्य जोडायचं म्हटलं की त्या जागी थांबावंच लागतं.

तेव्हा माझ्या मते पुढे म्हणणाऱ्याचं खरं काम वाट बघण्याचं आहे. आवाज गोड हवा असं काही नाही. शेवटच्या माणसाचं ‘आमेन’ ऐकू आल्याशिवाय पुढचा मणी घ्यायचा नाही, बस. गट दोन-तीन दशकांत आपोआप त्या चालीवर येतो, कुणाला टोकावं लागत नाही. (टोकलं तर आपल्याकडची ज्येष्ठ मंडळी रुसतात, ते वेगळंच.) पाच दशकं पाच जणांना वाटून द्या. ज्याला भरभर म्हणायची सवय आहे त्याला पहिलं दशक देऊ नका, कारण पहिल्याची गती पुढे सगळ्यांना लागते. बेताने म्हटलेली पाच दशकं साधारण वीस मिनिटं घेतात. तुमची दहा-बारा मिनिटांत होत असतील तर तुमचं निदान बरोबर आहे.

रहस्य जाहीर केल्यावर लगेच ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ सुरू करू नका. शुभवर्तमानातली एक-दोन वचनं वाचा आणि थोडं गप्प राहा. ही शांतता सुरुवातीला सगळ्यांना अवघड जाते, कुणीतरी खाकरतं, पण तीच सगळ्यात आधी वगळली जाते आणि तीच गेली की जप नुसता पाठांतरासारखा होतो. पोप पॉल सहावे यांनी १९७४ मध्ये लिहिलं होतं की चिंतनाविना रोझरी म्हणजे आत्म्याविना शरीर. याउलट विनंत्यांना मात्र आवर घाला. ‘अमक्यासाठी’ एवढं पुरे. त्याचं आजारपण, औषधं आणि डॉक्टर काय म्हणाले हे चहाच्या वेळी.

आता ‘कशाला’ याचं उत्तर. एका मयताच्या घरी आम्ही रोझरीला बसलो होतो. त्या घरच्या बाईंना पूर्ण ‘नमो मरिया’ म्हणवत नव्हतं. माळ हातात होती, ओठ नुसते ‘आमेन’ला हलायचे, बाकीचं सगळं भोवतीची माणसं म्हणत होती. एकटी असती तर त्या दिवशी तिची रोझरी झालीच नसती. प्रार्थना अशी वाटून घेता येते, हे मला तरी गटातच कळलं. चर्चही एकत्र म्हणण्याला मोल देते: कुटुंबात किंवा धार्मिक गटात पाच दशकं न थांबता, रहस्यं जाहीर करून आणि त्यांवर चिंतन करत म्हटली, तर नेहमीच्या अटींसह (पापकबुली, ख्रिस्तप्रसाद, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना वगैरे) संपूर्ण पापदंडमाफी, म्हणजे क्षमा झालेल्या पापांच्या उरलेल्या शिक्षेतून पूर्ण सूट, मिळू शकते. एकट्याने म्हटलेल्या रोझरीला ही माफी मिळते, ती रोझरी चर्चमध्ये किंवा प्रार्थनामंदिरात म्हटली तर.

तुम्ही आठवड्यातून एकदा ऑनलाइनही म्हणता असं लिहिलंय. तिथे सगळ्यांचे माइक चालू ठेवलेत तर आवाज मागेपुढे पोचतो आणि गोंधळ होतोच, कितीही सावकाश म्हणा. पुढे म्हणणारा एक आणि उत्तर देणारा एक, एवढ्या दोघांचेच माइक चालू ठेवा. बाकीच्यांनी आपापल्या घरी मोठ्याने म्हणावं. दशकागणिक जोडी बदलली की कुणी नुसतं ऐकत बसत नाही. लितानीलाही (आळीपाळीने म्हणायच्या विनंतीमालेलाही) हीच पद्धत चालते.